शोधकुत्रा निवडताना: काय करावे, काय टाळावे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यात जी घरे पडली ती दगडमातीची होती. दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढवलेले माळवद. सिमेंटचा स्लॅब कोसळतो तेव्हा बऱ्याचदा कुठेतरी तिरका टेकतो आणि खाली पोकळी राहते. त्या पोकळीत माणूस दिवसभर, कधी त्याहूनही जास्त तग धरतो. माळवद कोसळले की माती फटीफटीत शिरते. आतल्याला श्वास मिळत नाही आणि त्याचा वासही बाहेर यायला वाट राहत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्याच्या गावांत अशी माळवदे आजही उभी आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पाचवी बटालियन आहे पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. तिथून निघालेली गाडी कळंबला पोचायला पाच-सहा तास सहज जातात.

तेव्हा आपल्या भागात एखादा तयार कुत्रा असावा असे कुणाला वाटले तर त्यात वावगे काही नाही. मात्र असा कुत्रा बाजारातून आणता येत नाही, पारखून घ्यावा लागतो, आणि पारखलेल्यांतले बहुतेक परत पाठवावे लागतात. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

आधी काम, मग कुत्रा

करावे: कुत्रा नेमका कशासाठी हवा ते एका ओळीत कागदावर लिहावे. ढिगाऱ्याखालचा जिवंत माणूस शोधणे, मृतदेह शोधणे आणि हरवलेल्या माणसाचा माग काढणे ही तीन वेगळी कामे आहेत. मांजरा नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. तिथल्या पोलिसांचा रॉकी तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात कामाला आला. २०२० मध्ये पोलिसांनी त्याला सन्मानाने शेवटचा निरोप दिला, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याची आठवण काढली. नाव घ्यावे असाच कुत्रा. पण गुन्हा शोधणाऱ्या कुत्र्याला सहसा एखादा ठरावीक वास दिलेला असतो. ढिगाऱ्यावरच्या कुत्र्याला कुणाचाच वास दिलेला नसतो. आत कोण आहे, मुळात कुणी आहे का, हेच ठाऊक नसते. जो कुणी जिवंत असेल त्याचा हवेत आलेला वास त्याने पकडायचा असतो.

टाळावे: एकाच कुत्र्याला जिवंत आणि मृत दोन्ही शिकवणे. तो भुंकला तर कुठे आधी खणायचे? जिवंत माणसाच्या बाबतीत तासातासाला किंमत आहे.

टाळावे: वाहत्या पुरात कुत्र्याकडून आशा धरणे. २०२५ च्या सप्टेंबरात परांडा-भूमकडे माणसे छपरांवरून उतरवली ती बोटींनी आणि हेलिकॉप्टरांनी. कुत्र्याचे काम पाणी ओसरल्यावर, गाळात आणि काठच्या झुडपांत. बोटीत बसून पाण्यावर येणाऱ्या वासावरून बुडालेल्याचा ठाव लावणारे कुत्रेही असतात, पण ती स्वतंत्र विद्या आहे.

जात, पेपर आणि रुबाब

टाळावे: पेपर पाहून कुत्रा घेणे. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, स्वभाव सांगत नाही. शोच्या रिंगणात बक्षीस घेतलेल्या बापाचे पिल्लू ढिगाऱ्यावर पाऊल ठेवायला तयार नसते, असे खुशाल होऊ शकते.

एनडीआरएफच्या पथकांत लॅब्रेडॉर फार दिसतात, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीच्या भूकंपात भारताने पाठवलेल्या पथकाबरोबर कुत्रेही होते. गाझियांतेप भागातल्या नुरदागी गावात ज्युली ही लॅब्रेडॉर एका जागी थांबून भुंकली. मग रोमिओला वेगळे सोडले, तोही तिथेच भुंकला. खणल्यावर सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. लॅब्रेडॉरला अनोळखी माणूस आवडतो, तोंडात वस्तू धरायला आवडते आणि हुंगण्याचा कंटाळा येत नाही. ही तीन कारणे. ज्या लॅब्रेडॉरमध्ये ती नाहीत तो सोफ्यावरच बरा. आणि आपल्याकडच्या शहरांत त्या सोफ्यावर वाढलेले, पस्तीस-चाळीस किलोंचे लॅब्रेडॉर थोडेथोडके नाहीत.

आता कारवान या आपल्या देशी जातीबद्दल. लातूर, सोलापूर, धाराशिव, बीड हा कारवानचा मुलूख. त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा मुधोळ सैन्याने मेरठच्या केंद्रात नेऊन तालीम देऊन पाहिला. त्यामुळे 'आपला कारवान का नको?' हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. ऊन सोसण्यात, काटक अंगात आणि कमी खाण्यात कारवानचा हात धरणारा कुणी नाही. पण तो पिढ्यान्‌पिढ्या डोळ्याने शिकार करणारा कुत्रा. ससा दिसला की नाक बंद, पाय सुरू. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला बहुधा खपत नाही. शोधाच्या कामात या दोन्ही गोष्टी आड येतात.

करावे: तरीही कारवान समोर आला तर त्याची परीक्षा घ्यावी. नियम जातीला लावायचा नसतो, समोरच्या कुत्र्याला लावायचा असतो. पास झाला तर आनंदच.

करावे: गावठी कुत्र्यालाही तीच संधी द्यावी. उत्तराखंड पोलिसांनी 'ठेंगा' नावाचे रस्त्यावरचे पिल्लू उचलून श्वानपथकात तयार केले. अमेरिकेत विल्मा मेलव्हिल या बाईंनी १९९६ मध्ये शोधकुत्र्यांची संस्था काढली. ती संस्था कुत्रे निवडते बरेचसे निवारागृहांतून, म्हणजे कुणी सोडून दिलेल्यांतून. घरात ज्याचा उच्छाद वाटला, दिवसभर चेंडू आणून पायाशी टाकतो म्हणून ज्याला सोडले, तोच नेमका त्यांना हवा असतो.

टाळावे: 'लई कडक आहे, माणूस आत येऊ देत नाही' म्हणून विकला जाणारा कुत्रा. वाड्याच्या दारात तो ठीक. गाडला गेलेला माणूस अर्धमेला, रक्ताने माखलेला, कण्हत असतो. त्याच्याशी पहिली भेट या कुत्र्याची होणार आहे.

पिल्लू की मोठा?

करावे: जमेल तर वर्ष ते दीड वर्षाचा कुत्रा पाहावा. तोवर अंग आणि स्वभाव दोन्ही बऱ्यापैकी ठरलेले असतात. पुढे तालमीला दीड-दोन वर्षे जातात आणि साधारण आठव्या-नवव्या वर्षी तो कामातून उतरतो. हा हिशोब आधीच मांडावा.

करावे: पिल्लूच घ्यायचे ठरले तर आई पाहावी, जमल्यास बापही. परका माणूस आल्यावर आई पिल्लांजवळ कशी वागते, त्यावरून बरेच कळते.

टाळावे: सात आठवड्यांच्या पिल्लाच्या चाचणीवर पुढचे सगळे ठरवणे. ती चाचणी दिशा दाखवते, हमी देत नाही. तसेही आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. जो पैदासवाला पाच आठवड्यांचे पिल्लू पिशवीत घालून देतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

चेंडूची परीक्षा

सगळ्या परीक्षांत ही मोठी. तिच्यात नापास झालेल्या कुत्र्याची बाकी तपासणी करण्यात अर्थ नाही.

करावे: गुडघाभर गवताचे गायरान किंवा पड शोधावे. कुत्र्याला पट्ट्याने धरावे, त्याच्या आवडीचा चेंडू त्याला हुंगू द्यावा, थोडा चिडवावा आणि त्याच्यादेखत गवतात लांब फेकावा. लगेच सोडू नये. त्याचे डोळे झाकून त्याला दोन गिरक्या मारायला लावाव्यात, म्हणजे जागा लक्षात राहणार नाही. मग सोडावे आणि आपण गप्प उभे राहावे. 'शोध, शोध' नाही, हातवारे नाहीत.

आता पाहायचे असे. पहिले अर्धे मिनिट सगळेच पळतात. अर्ध्या मिनिटानंतर कुत्रा वळून मालकाच्या तोंडाकडे पाहतो का? पाहिले आणि पुन्हा कामाला लागला, तर हरकत नाही. पाहत उभाच राहिला, तर तो मदत मागणारा कुत्रा आहे. ढिगाऱ्यावर मालक मदत करू शकत नाही. दुसरा कुत्रा मुंगूस, उंदीर, वाळलेले शेण, जे मिळेल त्यात रमतो. चेंडू त्याच्या डोक्यातून गेलेला असतो. तिसरा मात्र धावण्याचा वेग कमी करतो, डोके खाली जाते, मग अचानक वाऱ्याच्या बाजूला नाक वर येते, शेपटीचा ताल बदलतो आणि तो नागमोडी जात वासाच्या उगमाकडे सरकू लागतो. त्याला कुणी शिकवलेले नसते. दोन-तीन मिनिटे चेंडू सापडला नाही तरी त्याचा हा उद्योग थांबत नाही. आपण शोधतो आहोत तो हा तिसरा.

करावे: एकदा चेंडू फेकल्याचे नुसते नाटक करावे, चेंडू खिशातच ठेवावा. नसलेल्या चेंडूमागे तो किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. शेवटी गुपचूप चेंडू टाकून त्याला तो सापडू द्यावा. हरवून घरी नेऊ नये.

टाळावे: एकाच दिवशी, एकाच जागी परीक्षा उरकणे. दुसऱ्यांदा नवी जागा घ्यावी, तिसऱ्यांदा तो थकलेला असताना घ्यावी. ताजा असताना सगळेच हुशार असतात.

टाळावे: बिस्किटासाठीच काम करणारा कुत्रा. अन्नावर शिकवता येते, पण पडलेल्या घरात स्वयंपाकघरही पडलेले असते. भाकरीचे टोपले, मटणाचे पातेले, सुटलेल्या कोंबड्या, दावणीच्या शेळ्या हे सगळे तिथेच असते. परीक्षेत या गोष्टी मुद्दाम वाटेत ठेवाव्यात.

पाय, कान आणि काळजाचा ठाव

करावे: पत्रा, डुगडुगणारी फळी, आडवी टाकलेली शिडी, तळ कापून आडवी ठेवलेली दोन टिपाडे, विटांचा ढीग, कडब्याच्या पेंढ्या. एवढ्या सामानावर कुत्र्याचे पाय कळतात, वेगळे मैदान नको. पत्रा खडखडला की तो उडी मारून बाजूला झाला, तर चालेल. पुन्हा स्वतःहून त्यावर आला का, एवढेच पाहावे. अंधाऱ्या टिपाडात चेंडूसाठी शिरला, तर चांगलेच.

करावे: आवाज खरे वापरावेत. मळणीयंत्र, जेसीबीचा ब्रेकर, लग्नातली डॉल्बी. दचकणे हा दोष नाही, दचकून किती लवकर सावरतो हा गुण आहे. काही सेकंदांत सावरला तर उत्तम. दिवाळीत पलंगाखाली शिरून सकाळपर्यंत न निघणारा कुत्रा कितीही हुशार असला तरी या कामाचा नव्हे.

टाळावे: घाबरलेल्या कुत्र्याला ओढून पत्र्यावर चढवणे. त्याने परीक्षा होत नाही, आणि कुत्राही बिघडतो.

करावे: माणसे जमवावीत. पटका बांधलेले आजोबा, काठी टेकत चालणारा, डोक्यावरून पदर घेतलेली बाई, घागरीसकट एखादी पोर, अंधाऱ्या खोलीत निजून कण्हणारा. कुत्रा प्रत्येकाजवळ मोकळेपणाने गेला पाहिजे. गुरगुर एकदा झाली तरी नाव खोडावे. यात दुसरी संधी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंग आणि नाक

करावे: खुब्याचा आणि कोपराचा एक्सरे काढावा. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड दोघांतही खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक आहे. बाहेरून चाल चांगली दिसते आणि चौथ्या वर्षी कुत्रा बसतो. उदगीर आणि परभणी दोन्हीकडे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. दीड-दोन वर्षांची मेहनत घालण्याआधी तिथवरची एक फेरी महाग नाही.

करावे: गोचीड तापासाठी रक्त तपासावे. आपल्या भागात हा रोग घरोघरच्या कुत्र्यांत आहे. तो अंगात मुरला की कुत्रा लवकर दमतो, कधी नाकातून रक्त येते. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसींबरोबर लेप्टोची लस विसरू नये. पुरानंतरच्या गाळात उंदराच्या मुताने तो रोग पसरतो, माणसातही येतो.

टाळावे: स्वतःच्या मनाने औषधे. जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलमुळे काही शोधक कुत्र्यांची वास ओळखण्याची ताकद घटल्याचे अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले. परीक्षेआधी कुत्र्याला कोणते औषध चालू आहे ते विचारावे. कामाआधी तर विचारावेच.

टाळावे: पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची जात. आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये दाट केसांचा काळा कुत्रा भर दुपारी तपासणे. कुत्र्याला घाम येऊन थंड होता येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. धापा टाकणारे तोंड नीट हुंगू शकत नाही. शिवाय तापलेली जमीन वास वर उधळून लावते. परीक्षा आणि तालीम उजाडताना घ्यावी. कुत्र्याच्या अंगाचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. तळहाताची मागची बाजू ज्या पत्र्यावर काही सेकंद टेकवत नाही, त्यावर त्याला चालवू नये.

कामाची फेरी वीस-तीस मिनिटांची धरावी आणि मग सावलीत विसावा द्यावा. हे चाचणीतही पाळावे.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा

बहुतेक लोक कुत्रा पारखतात आणि इथे चुकतात. पट्टा धरणाऱ्याला कुणी पारखत नाही.

२०११ मध्ये कॅलिफोर्नियात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमली पदार्थ आणि स्फोटके हुंगणाऱ्या १८ जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा माणूस, खोल्यांत सोडल्या. आत अमली पदार्थ किंवा स्फोटके कुठेही नव्हती. माणसांना मात्र सांगितले होते की आत वास असू शकतो, काही ठिकाणी कागदी खूणही चिकटवली होती. बहुतांश फेऱ्यांत कुत्र्याने 'सापडले' म्हटल्याची नोंद झाली, आणि खुणेजवळ जास्त वेळा. माणसाच्या मनात जे होते ते निकालात उतरले. ढिगाऱ्यावर अशा एका खोट्या भुंकण्यापायी जेसीबी आणि पन्नास माणसे तीन तास चुकीच्या जागी खणत बसतात.

करावे: लपणारा माणूस कुठे आहे ते पट्टा धरणाऱ्याला कधीही सांगू नये. पाहणाऱ्यांनीही लांब उभे राहावे, कारण गर्दी नकळत त्या दिशेला बघते आणि कुत्रा ते टिपतो.

करावे: अधूनमधून मैदान पूर्ण रिकामे ठेवावे. जो कुत्रा रिकाम्या मैदानात न भुंकता परत येतो, त्याच्या भुंकण्याला किंमत. तुर्कीत ज्युलीच्या मागे रोमिओला सोडले तेही भुंकणे पडताळायलाच.

टाळावे: ज्याच्याकडे आठवड्यातले तीन-चार दिवस नाहीत, अशा माणसाच्या हाती पट्टा देणे. सोयाबीनची काढणी, उसाची तोड, घरचे लग्न ही कारणे खरी असतात, पण तालीम त्यांच्यासाठी थांबत नाही. आणि रीलसाठी कुत्रा हवा असलेल्या पोराला तर हात जोडून वाटेला लावावे.

टाळावे: ओरडून, मारून शिकवणारा. त्याचा कुत्रा शिक्षेच्या भीतीने 'सापडले' म्हणायला शिकतो.

नापास झाला तर

करावे: कारण लिहून ठेवावे आणि कुत्र्याला चांगले घर पाहावे. शेताची राखण, घरचा सोबती, शाळेत पोरांशी खेळणारा, कशालाही तो चालेल. या कामाला नाही, एवढेच.

टाळावे: 'एवढा खर्च झालाय, आता राहू द्या.' हे वाक्य निवडीच्या वेळी ज्याच्या तोंडून निघेल त्याला पुढच्या खेपेला बोलावू नये.

आणि प्रसंग आलाच तर

टाळावे: आपला कुत्रा घेऊन परस्पर ढिगाऱ्यावर चढणे. पथकाच्या कुत्र्यांना तुमच्या कुत्र्याचा वास, तुमचे पाय आणि तुमचे आवाज आड येतात. माती पायांनी दाबली गेली तर आतल्याच्या वाटची थोडी हवाही जाते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक फिरवावा, आपण काय करू शकतो ते सांगावे आणि बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. एनडीआरएफला बोलावणे प्रशासनामार्फत होते.

कुत्रा पाळणे ज्यांना शक्य नाही त्यांनाही करण्यासारखे आहे. शोधकुत्र्यांच्या तालमीला पडके वाडे लागतात, बंद पडलेल्या जिनिंगसारख्या इमारती लागतात आणि टिपाडात अर्धा तास न हलता बसणारी नवनवी माणसे लागतात, कारण त्याच त्या चार जणांना शोधून कुत्रा तेवढ्याच चौघांचा होतो. गावात असा पडका वाडा असेल आणि मालकाची हरकत नसेल, तर तहसील कार्यालयातल्या आपत्ती विभागाला लेखी कळवून ठेवा. खाली लपायला तयार असलेल्या दहा जणांची नावेही त्याच अर्जात द्या.